सोळा रंगांचं आभाळ

तंजावरच्या मेल वीधीवर दुपार चढली की घरातली मोठी माणसं पानसुपारी करून कलंडायची, रस्त्यावरच्या तमिळ हाका उन्हात विरत जायच्या, आणि आतल्या खोलीत काकांच्या कॉम्प्युटरमध्ये सव्वापाच इंची फ्लॉपी खरखरू लागली की माझ्या अंगावर काटा यायचा, कारण त्या खरखरीपलीकडे समुद्र होता, परका किनारा होता आणि काळीभोर रात्र होती.

एफ-19 स्टेल्थ फायटर.

मायक्रोप्रोजचा 1988 चा खेळ. अवघे सोळा रंग. समुद्र म्हणजे निळा पत्रा, डोंगर म्हणजे हिरवे-करडे त्रिकोण. लढण्यापेक्षा लपण्याचंच त्यात अप्रूप. पाण्याला जवळजवळ पोट घासत जायचं, इंजिन दबकं ठेवायचं, रडारला कूस दाखवायची नाही. मी श्वाससुद्धा हळू घ्यायचो. किती बॉम्ब टाकले ते आज आठवत नाही. कुणालाही न दिसता निसटण्याचं ते चोरटं सुख मात्र अजून अंगात आहे.

सुरुवातीलाच खेळ एका विमानाचं चित्र दाखवून नाव विचारी. नकलेची नक्कल होऊन आलेल्या फ्लॉपीला पुस्तिका कुठली? ठोकताळ्यानंच आकार पाठ झाले. लिबियावर, इराणच्या आखातावर, नॉर्थ केपच्या गोठल्या अंधारात मिग-29 दिसलं की बोट आपोआप कळीवर जाई.

"अरे, आपलंच पाडतोस की!" मागून काका म्हणाले.

खरंच की. मिग-29 आपल्या हवाई दलातही होतं. त्या खेळातलं वैर माझं नव्हतं. फ्लॉपीबरोबर उसनं आलेलं होतं. तरीही मी पाडत राहिलो.

तेव्हा तंजावरचं खरं आभाळ घारी-पोपटांचं होतं. दुसऱ्या महायुद्धातली धावपट्टी गावाबाहेर निपचित पडलेली. 2013 मध्ये तिथं हवाई दलाचा तळ झाला, 20 जानेवारी 2020 ला 'टायगरशार्क्स' या स्क्वाड्रनची सुखोई-30 दाखल झाली. रशियन घराण्याचीच, पण आपली. तिचा गडगडाट घरावरून गेला की खिडक्यांची तावदानं थरथरतात, आणि तो आवाज कानात नाही, पोटात उतरतो.

एफ-19 नावाचं विमान मुळात नव्हतंच. नोव्हेंबर 1988 मध्ये अमेरिकेनं खरं स्टेल्थ विमान जाहीर केलं, ते एफ-117: पैलूदार, टोकेरी, ओबडधोबड. खेळाच्या खोक्यावरचं ते गोलाईदार, देखणं विमान निव्वळ अंदाज होता. मला विचाराल तर अंदाजच सरस होता.