दिल्ली वाटेवर आहे, मुंबई नाही

मुलगा-सून अमेरिकेत आणि आईवडील नागपुरात, अशा घरांत न्यूयॉर्क किती लांब याचं उत्तर ठरलेलं असतं: मुंबईहून जितकं, त्यात आणखी सातशे किलोमीटर. मला हा हिशेब पटत नाही. पृथ्वीगोलावर दोरा ताणून मोजलं तर मुंबई–न्यूयॉर्क अंतर सुमारे 12,530 किमी भरतं आणि नागपूर–न्यूयॉर्क सुमारे 12,600. फरक उणापुरा सत्तरचा, म्हणजे नागपूर ते वर्धा. कारण सोपं आहे. सर्वांत जवळची वाट नागपूरच्या सोनेगाव विमानतळाहून पश्चिमेला निघत नाही, ती उत्तरेकडे किंचित पश्चिमेला कलून थेट ध्रुवाच्या अंगाने जाते. त्यामुळे दिल्ली जवळजवळ वाटेवरच पडते: नागपूर–दिल्ली साधारण 855 आणि पुढे 11,750, बेरीज तीच. मुंबईला जाणं म्हणजे मात्र आधी नैऋत्येला उतरायचं आणि मग वर चढायचं. त्यात सहाशे किलोमीटर फुकट जातात. दोहामार्गे हजारएक किमी वाढतात खरे, पण जेट विमानाच्या वेगाला ते सव्वा तासाचं काम.

मग प्रवास चोवीस तासांच्या पुढे का जातो? उडण्याचे तास सोळा-सतराच्या आसपास. बाकीचा वेळ बाकड्यावर बसून जातो. तिकिटावर हे नीट दिसतही नाही, कारण न्यूयॉर्कचं घड्याळ आपल्या मागे, उन्हाळ्यात साडेनऊ तास आणि हिवाळ्यात साडेदहा. पहाटे निघून त्याच संध्याकाळी पोहोचल्याचं छापलेलं असतं आणि आजोबा खूश होतात. त्यात दोन वेगळी तिकिटं काढली असतील तर मधल्या शहरात बॅग उचला, टर्मिनल बदला, पुन्हा रांगेत लागा. म्हणून तिकीट काढताना किलोमीटर बघू नयेत, मधला थांबा बघावा, असं माझं म्हणणं.

यावर कुणी म्हणेल, गोलावरचा दोरा आणि आकाशातली वाट एक नसते. बरोबर आहे. एप्रिल 2025 पासून पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं आणि दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्या आपल्या विमानांना वळसा पडू लागला. शिवाय जाताना वारा समोरून, येताना पाठीशी. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीचं धुकं आहेच. पहाटेचं जोडविमान त्या दिवसांत मी तरी कुणाला सुचवणार नाही. पण या सगळ्यातून मुंबई जवळ येते असं नाही, फक्त दिल्लीचा फायदा घटतो.

दुसरा आक्षेप अस्सल नागपुरी: आपण देशाच्या मध्यावर, झिरो माईलचा दगड आपल्याकडे, तर थेट अमेरिकेचं विमान इथूनच का नाही? मध्यावर असण्याचा फायदा या शहराने एकदा खरोखर घेतला होता. 1949 साली रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली चार विमानं मध्यरात्री नागपुरात उतरायची, टपालाच्या थैल्या एकमेकांत बदलायची आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परतायची. तिथे जागेइतकंच वेळापत्रक महत्त्वाचं होतं. चारही एकाच वेळी आली नसती तर मध्यावर असून काय उपयोग? अमेरिकेला थेट जाणारं मोठं विमान रोज भरेल इतके प्रवासी एकट्या विदर्भातून निघणं कठीण. त्यापेक्षा दिल्लीच्या रात्रीच्या उड्डाणांना दोन-तीन तास आधी गाठणारं, एकाच तिकिटावरचं संध्याकाळचं विमान मागितलं तर ते मिळण्यासारखं आहे.