उशिरा आलेले बरोबर उत्तर

माझा धाकटा भाऊ भोसरीत एक छोटी सॉफ्टवेअर कंपनी चालवतो. कारखान्यात तयार झालेला हायड्रॉलिक पंप चाचणीसाठी टेस्ट बेंचवर चढवला, की तेलाचा दाब, प्रवाह आणि तापमान शेजारच्या संगणकावर दाखवायचे व नोंदवून ठेवायचे, हे त्याच्या सॉफ्टवेअरचे काम. गेल्या वर्षी त्याला एक वरिष्ठ अभियंता नेमायचा होता. जाहिरातीचा मसुदा त्याने माझ्याकडे पाठवला. म्हणाला, "ताई, पोकळ शब्द तुला लगेच दिसतात. मुलाखतींनाही येऊन बस."

मी अडले ती 'रिअल टाइम' या शब्दापाशीच. त्याचा अर्थ मी 'अतिशय वेगवान' असा धरून चालले होते. भावाने तो खोडून काढला. प्रश्न वेगाचा नसून मुदतीचा असतो. मुदत टळल्यावर आलेले बरोबर उत्तरही चूकच. मला लग्नातले घटिकापात्र आठवले. पात्र बुडून गेल्यावर अंतरपाट दूर केला, तर मुहूर्त कुठला उरतो?

मग त्याने १९९१ सालच्या आखाती युद्धातली हकिगत सांगितली. सौदी अरेबियात धाहरान येथे पॅट्रियट यंत्रणा सलग सुमारे शंभर तास चालू होती. तिच्या कालगणनेतली अतिसूक्ष्म चूक साचत साचत सेकंदाच्या एक तृतीयांशापर्यंत पोहोचली. २५ फेब्रुवारीला आलेले इराकी स्कड क्षेपणास्त्र तिला अडवता आले नाही. २८ अमेरिकी सैनिक मरण पावले.

"पण तुमचे सॉफ्टवेअर तर नुसते आकडे दाखवते," मी म्हटले. ते खरेच होते. विंडोज मुदतीची हमी देत नाही, म्हणून यंत्र चालवण्याचे आणि थांबवण्याचे काम बेंचजवळच्या पीएलसी या नियंत्रकाकडे असते. भाऊ क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "दाखवण्यातच चूक झाली होती."

२०२२ साली एका कारखान्यात नियंत्रकाकडून संगणकाकडे येणारी केबल निसटली. त्या क्षणी दाब शून्य होता. पुढे नियंत्रकाने ठरल्याप्रमाणे दाब वाढवला. पडद्यावर मात्र शून्य तसेच राहिले. काट्याचा गेज बाजूला होता, पण मोठ्या ठळक आकड्यांची सवय झाल्यावर काट्याकडे कोण पाहतो? ऑपरेटरने जोडणी सैल केली आणि गरम तेल त्याच्या हातावर आले. हात वाचला, व्रण राहिले. वर्षभराने तपासणीत कुठल्या ओळीत काय राहिले होते ते सापडले. ती ओळ भावाचीच होती.

मुलाखतीत प्रत्येकाला तोच प्रश्न होता : केबल निसटली तर पडद्यावर काय दिसेल? एक उमेदवार अतिशय चटपटीत होता. नवनवीन साधनांची नावे त्याला मुखोद्गत होती. तो हसून म्हणाला, "केबल चांगल्या प्रतीची वापरावी."

दुसरे गृहस्थ पन्नाशीच्या आसपासचे. त्यांनी कागद मागितला. प्रत्येक आकड्यासोबत तो मोजल्याची वेळ हवी. मुदतीत नवा आकडा आला नाही, तर जुना पुसून तिथे रेघा दाखवायच्या. आकडे वाचणे आणि पडदा रंगवणे ही कामे वेगळी ठेवायची, म्हणजे एक अडले तरी दुसरे अडत नाही. आणि पडदाच गोठला तर? कोपऱ्यात सतत हलणारी एक खूण ठेवायची. ती थांबली, की पाहणाऱ्याने पडद्यावर विश्वास ठेवू नये. मग कागदावरून नजर न उचलता ते म्हणाले, "हे माझ्याकडूनही एकदा राहून गेले होते."

त्यांची पगाराची अपेक्षा भावाच्या अंदाजापेक्षा बरीच जास्त होती. त्याने माझ्याकडे पाहिले. मी एवढेच म्हटले, "जाहिरातीत 'अनुभवी' हा शब्द आपण कशासाठी ठेवला होता?" त्याने त्यांनाच नेमले.

असो. त्या संध्याकाळी दुसऱ्या दिवशीच्या तासाची टिपणे काढली. कडा पिवळ्या पडलेल्या, वीस वर्षांपूर्वी काढलेली. त्यांतली विधाने मी दरवर्षी आजच मोजल्यासारख्या स्वरात सांगत आले आहे. वर्गातला मुलगा वहीत ती उतरवून घेतो, कारण पडद्यावरच्या आकड्यावर त्याचा विश्वास असतो. मी पेन घेतले आणि पहिल्या पानाच्या डोक्यावर तारीख घातली. आधी जुनी, तिच्याखाली त्या दिवसाची.