उपाशी पोटाचा हिशोब

पिकाला काय घालावे, हे मी तुम्हाला आजवर सांगत आलो. आज स्वतःच्या पोटाला काय घातले नाही, त्याची गोष्ट सांगतो.

दोन वर्षांपूर्वी माझे वजन ८८ किलो होते. घर लातूरला, नोकरी लोहा तालुक्यात. साखरेची गोळी सुरू होती. वैशाखात मुलीचे लग्न काढलेले. मांडवात पोट दिसू नये म्हणून मोबाइलवर आलेला एक तक्ता मी हाती धरला. सकाळी काकडी, दुपारी अर्धी भाकरी आणि उकडलेली भाजी, रात्री वाटीभर वरणाचे पाणी. दिवसाला आठशे कॅलरीसुद्धा भरत नव्हत्या. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने बैठे काम करणाऱ्या पुरुषाची गरज सुमारे २,११० कॅलरी धरली आहे, आणि जड काम करणाऱ्या बाईची सुमारे २,७२०!

घरात बायको म्हणायची, "अहो, पोटाला मारून कुठं तब्येत सुधरत असती का?" मी हसण्यावारी नेले. दोन महिन्यांत काटा ७९ वर आला होता ना! पुढे मात्र तो तिथेच अडला. कंगव्यात केस येऊ लागले, उन्हातही अंगात कसकस वाटे, आणि साध्या बोलण्यावरून मी लोकांवर खेकसू लागलो.

चैत्रात एका शिवारात मातीचा नमुना कसा घ्यावा, ते दाखवत होतो. एकाएकी हात थरथरले, घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली. मी बांधावरच बसकण मारली. दहा पावलांवर कठडा नसलेली विहीर होती. तिकडे तोल गेला असता तर मुलीच्या लग्नाचे काय झाले असते, हे आजही मनात येते.

शेतमालकाच्या घरच्या मावशी गूळपाणी घेऊन धावत आल्या. "साहेब, उपाशी फिरायलाव व्हय?" मी शुद्धीवर होतो म्हणून घोट घोट पिता आले. दवाखान्यात डॉक्टर रागावले. "गोळी चालू आणि जेवण बंद? मग साखर खाली जाणार नाही तर काय?"

दुसऱ्या दिवशी शेतमालक भेटायला आले. म्हणाले, "साहेब, मागल्या साली तुम्हीच सांगितलं होतं की. चारा महाग झाला म्हणून म्हशीची पेंड एकदम तोडू नका. आधी दूध आटंल, मग जनावर खंगंल, अन् पुन्हा अंगावर यायला लई दिवस लागतील."

मी मान खाली घातली. परभणीला कृषी पदवी घेतलेल्या माणसाला हे कळू नये? पावसाचा खंड पडला की सोयाबीन पानांची रंध्रे मिटून घेते आणि वाढ थांबवते. आहे त्या ओलीवर तगून राहते. शरीरही तसेच करते. अन्न एकदम तुटले की ते खर्च आवरते, चरबीबरोबर स्नायूही झिजवते आणि भूक वाढवते. वजन झपाट्याने उतरले तर पित्ताशयात खडे होण्याचाही धोका असतो.

अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ साली अन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना सहा महिने निम्म्या आहारावर ठेवले होते. युद्धात उपासमार झालेल्यांना पुन्हा कसे सावरावे, हे शिकायचे होते. त्या तरुणांचे वजन चौथ्या हिश्शाने घटले. नाडी मंदावली, थंडी सोसेना, मन उदास झाले, ध्यानीमनी फक्त अन्न. जेवण सुरू झाल्यावर भूक आवरेना, आणि गेलेल्या स्नायूंआधी चरबी भरून आली. ते तरुण लठ्ठ नव्हते, हे खरे. पण शरीराचा हिशोब त्यातून कळतो.

माझेही तेच झाले. लग्नाच्या पंगतीपासून तोंड सुटले आणि दिवाळीला काटा ९१ वर!

आमच्या भागात डॉ. जगन्नाथ दीक्षित यांच्या दोन वेळा जेवण्याच्या पद्धतीची मोठी चर्चा असते. ते लातूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक होते, आणि ही वाट कै. डॉ. श्रीकांत जिचकारांची, असे ते सांगतात. पण त्यात दोन वेळा पोटभर जेवा, असे आहे. लोक 'दोन वेळा' लक्षात ठेवतात आणि 'पोटभर' विसरतात. ही पद्धत धरायची की नाही, ते गोळी घेणाऱ्याने आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

आता मी काय करतो? चहातली साखर सोडली, तळण सणापुरते ठेवले. ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, दिवसांत मिळाली तर करडीची कोवळी भाजी आणि ताक, असे वेळेवर जेवतो. रोज पाऊण तास चालतो. दीड वर्षात वजन ९१ वरून ८२ वर आले आहे, आणि डॉक्टरांनी तपासून गोळीही अर्धी केली आहे.

एवढेच मागणे आहे. गोळी घेत असाल तर मनाने जेवण तोडू नका. पोटुशी आणि अंगावर पाजणाऱ्या लेकीसुनांनी तर असल्या तक्त्यांच्या वाटेला जाऊच नये. लग्न ठरले म्हणून एखादी पोर ताट सारत असेल, तर आईने तिच्याजवळ बसून जेवावे.

त्या शिवारात मी अजून जातो. मावशी आधी विचारतात, "जेवून आलाव का?" मग मातीचे बोलणे.