भावाच्या आधी बेणं

वसमतच्या बाजारात हळदीचा भाव चढला की हिंगोली जिल्ह्यात दोन तऱ्हेचे शेतकरी ओळखू येतात. एक त्याच वर्षी पहिल्यांदा बेणं शोधत फिरणारा, दुसरा भाव पडलेला असतानाही लावत आलेला. पहिल्याला नावं ठेवायचं कारण नाही. सोयाबीनने हात दिला नाही आणि हप्ता डोक्यावर असला, की माणूस भाव बघूनच पीक ठरवणार. पण मे-जूनमध्ये भावापायी लावलेली हळद ऑगस्टमध्ये सांभाळायची कुणी?

हळद आठ-नऊ महिन्यांचं पीक, आणि माल सगळा जमिनीखाली. कापसाचं बोंड दिसतं, सोयाबीनची शेंग मोजता येते. हळदीचा पाला कमरेला लागला तरी खाली हळकुंड किती धरलं याचा पत्ता लागत नाही.

खरी परीक्षा भरणीची. लागवडीनंतर अडीच महिन्यांच्या आसपास सरीतली माती उचलून झाडाच्या बुडाशी चढवायची असते. पावसाने उघडे पडलेले कंद नीट पोसत नाहीत. शिवाय कंदमाशी अंडी घालते ती अशाच उघड्या कंदांवर, आणि तिच्यामागून कंदकुज येते. काम चिखलातलं. मजूर नेमके तेव्हाच सोयाबीनमध्ये अडकलेले. आणि भरणी चुकवली तरी आठ दिवसांत काहीच बिघडलेलं दिसत नाही. पाला हिरवागारच असतो. घात होतो तो इथेच.

मग पैशापायी केलेल्या कामात मन टिकतं का? याबद्दल १९७१ साली अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना सोमा नावाच्या ठोकळ्यांची कोडी दिली होती. मधल्या बैठकीत ज्यांना कोड्यामागे पैसे मिळाले, त्यांचा पैसे बंद झाल्यावर मोकळ्या वेळातला कोड्यांचा नाद कमी झाला. पैसा आला की आवड मरते, असा त्याचा अर्थ सर्रास लावला जातो. हळदवाल्याला (या ओळी लिहिणाराही हळदवालाच) तो पटायचा नाही. नुसत्या हौसेवर कुणी एकरी दहा क्विंटल बेणं मातीत घालत नाही. पैशासाठी पीक करण्यात कमीपणा कसला? अडचण एवढीच, की पैसा दिसतो फेब्रुवारीनंतर आणि भरणी असते ऑगस्टमध्ये.

जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांचं काम इथे जास्त उपयोगी पडतं. नाताळच्या सुट्टीत एक लेखन पुरं करायचं ठरवलेल्या विद्यार्थ्यांपैकी ज्यांनी ते कधी आणि कुठे बसून करायचं हेही आधीच पक्कं केलं, त्यांच्यातल्या कितीतरी जास्त जणांनी ते तडीस नेलं. मुरलेला हळदवाला वेगळं काय करतो? पोळ्याच्या आत भरणी, असं तो ठरवून टाकतो आणि मजुरांना उचल आधीच देऊन ठेवतो. मग सकाळी मन आहे की नाही, हा प्रश्नच उरत नाही.

काढणीनंतरही सुटका नाही. हळद शिजताना हळकुंडात काडी टोचून बघायची. सहज आत गेली तर शिजली. जास्त शिजली की रंग जातो. मग रोज पसरायची, हलवायची, आभाळ आलं की झाकायला पळायचं. नीट वाळलेलं हळकुंड मोडताना खणकन वाजतं. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा अभिमान सगळ्यांनाच आहे. पण या कामांत त्याने एक मिनिटही वाचत नाही.

पुढच्या वर्षी लावायची की नाही, याचा निकाल मात्र बेण्यावर लागतो. काढणी होताच निरोगी गड्डे निवडून सावलीत ढीग लावायचा आणि वर पाला टाकायचा. भाव अजून फुटायचा असतो तेव्हाच एवढा माल विक्रीतून बाजूला निघालेला असतो. ऐन तेजीत त्या ढिगाकडे हात जातो, नाही असं नाही. तो विकून मोकळे झालेले काही जण जूनमध्ये शेजाऱ्याकडे बेणं मागायला येतात, आणि शेजारी दर सांगतो तो तेजीचाच.