जुन्या इंजिनातील ऑइलचा दाब

इंजिनातील ऑइलचा दाब एकटा पंप निर्माण करत नाही. पंप दर फेऱ्याला ठरावीक ऑइल पुढे ढकलतो, एवढेच त्याचे काम. ते ऑइल क्रँकशाफ्टच्या मेन बेअरिंगांतून, कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगांतून आणि कॅमशाफ्टच्या बुशांतून बाहेर पडताना त्याला जो अडथळा होतो, त्यातून दाब तयार होतो. बागेतल्या नळीच्या तोंडावर अंगठा दाबला की पाण्याला जोर येतो आणि अंगठा ढिला झाला की तो जातो, तसाच हा प्रकार आहे. म्हणून जुन्या गाडीत ऑइलचा काटा खाली येतो तेव्हा कारण बहुधा तीनपैकी एका किंवा अधिक ठिकाणी असते: ऑइल पातळ झालेले असते, बेअरिंगांतली फट वाढलेली असते, नाहीतर पंपालाच पुरेसे ऑइल मिळत नसते. यातले कोणते, हे काट्यावरून कळत नाही. ते शोधावे लागते, आणि शोधण्याआधी जाड ऑइल भरण्याची घाई बहुतेक ठिकाणी होते.

बेअरिंग आणि शाफ्ट यांना एकमेकांपासून दूर ठेवणारा दाब मात्र गेजवर दिसणारा नव्हे. १८८३ च्या सुमारास इंग्लंडमध्ये बोशाम्प टॉवर या अभियंत्याने रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग केले. बेअरिंगच्या माथ्यावर ऑइल सोडण्यासाठी पाडलेल्या छिद्रातून आस फिरू लागताच ऑइल उलट बाहेर येऊ लागले; छिद्रात ठोकलेला लाकडी बुचदेखील बाहेर फेकला गेला. फिरणारा शाफ्ट स्वतःच ऑइलला निमुळत्या फटीत ओढतो आणि तिथे भार पेलणारा दाब उभा राहतो, हा त्याचा अर्थ. ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी १८८६ मध्ये त्याची गणिती मांडणी केली, आणि आजही बेअरिंगचे शास्त्र त्याच पायावर उभे आहे. ऑइलपंपाच्या दाबाचे काम यापेक्षा साधे, पण तितकेच आवश्यक आहे: ती फट सतत भरलेली ठेवायची आणि तिथली उष्णता वाहून न्यायची. त्यामुळे गरम इंजिन आयडलवर असताना दाब थोडा कमी दिसला तर लगेच घाबरण्याचे कारण नसते. जुन्या इंजिनांसाठी दर १००० आरपीएमला १० पीएसआय, म्हणजे सुमारे ०.७ किलो प्रति चौरस सेंटीमीटर, असा एक ढोबळ आडाखा वापरला जातो. अंतिम आकडा मात्र त्या गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमधलाच धरावा.

प्रस्तुत लेखकाच्या घरी असलेली चार सिलिंडरची जुनी डिझेल जीप या विषयाचे चांगले उदाहरण ठरली. कोल्हापूर–रत्नागिरी रस्त्यावर साखरप्याकडून आंबा घाट चढून वर आले की गाडी थांबवल्यावर ऑइलचा काटा अर्ध्या किलोच्याही खाली उतरू लागला. सकाळी थंड इंजिनावर तोच काटा चार किलोपर्यंत जाई. सपाटीवर मध्यम वेगाने दाब दोनच्या आसपास राही, त्यामुळे घाट नसता तर ही घसरण बराच काळ लक्षातच आली नसती. नुसता लाल दिवा असलेल्या गाड्यांत तर ती कळतच नाही. दिव्याचा स्विच साधारण ०.३ ते ०.५ किलोच्या खाली दाब गेल्यावर लागतो. म्हणजे दिवा लागतो तेव्हा दाब जवळजवळ संपलेला असतो. प्रेशर गेज असलेली जुनी गाडी या बाबतीत सुदैवी म्हणायची.

गॅरेजमधून मिळालेला सल्ला नेहमीचाच होता: "मालक, २०डब्ल्यू-५० भरा, काटा वर येईल." ते भरल्यावर काटा खरोखरच वर आला, पण थोडासाच. त्याचबरोबर थंडीच्या दिवसांत सकाळी गाडी सुरू केल्यावर टॅपेटचा आवाज आधीपेक्षा जास्त वेळ येऊ लागला. दोन्ही गोष्टींचे स्पष्टीकरण एकच आहे. थंड असताना जाड ऑइलला अडथळा फार होतो, दाब लवकर चढतो, पंपाजवळचा रिलीफ व्हॉल्व उघडतो आणि ऑइलचा मोठा हिस्सा बेअरिंगांकडे न जाता चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठते त्या सम्पमध्ये, परत पडतो. काटा वरच असतो, पण रॉकर शाफ्टपर्यंत ऑइल उशिरा पोहोचते. इंजिनाची बरीचशी झीज सुरू होतानाच्या या काळात होते.

जाड ऑइलने किती फरक पडू शकतो, याचा हिशेब करून पाहणे उद्बोधक आहे. एसएई जे३०० या मानकानुसार ४० श्रेणीच्या ऑइलची चिकटाई १०० अंश सेल्सिअसला १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक असते आणि ५० श्रेणीची १६.३ ते २१.९. सर्वसाधारणपणे १४.५ आणि १८.५ धरले तर एक श्रेणी वर गेल्याने चिकटाई सव्वापटीहून जराशी अधिक होते. उलट बाजूला, बेअरिंगच्या फटीतून बाहेर पडणारे ऑइल फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. नव्या इंजिनात ०.०५ मिलिमीटर असलेली फट झिजून ०.०८ झाली, तर तेवढ्याच दाबाला चौपट ऑइल निसटते. सव्वापट चिकटाईने भरून निघणारी झीज या सूत्रानुसार ०.००४ मिलिमीटरच्या आसपास येते. प्रत्यक्ष इंजिनात तापमान आणि फेऱ्यांचा परिणाम असल्याने हा हिशेब ढोबळच राहील, पण प्रमाणाचा अंदाज त्यातून नीट येतो. एका श्रेणीने जाड असलेले ऑइल खरी झीज झाकू शकत नाही. ते काही महिने काढू देते. त्या महिन्यांत कारण शोधले तर त्याचा उपयोग, नाहीतर नुकसान फक्त पुढे ढकलले जाते.

आणखी एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. बेअरिंगमध्ये प्रत्यक्ष भार घेताना ऑइल कसे वागते, हे १५० अंशांवर आणि जोराच्या घर्षणाखाली मोजतात. या मोजमापाची किमान मर्यादा १५डब्ल्यू-४० साठी ३.७ मिलिपास्कल-सेकंद आहे आणि ५० श्रेणीच्या ऑइलसाठीही ३.७ च आहे. बाजारातली ५० ची ऑइले बहुधा याच्या वर असतात, हे खरे. तरी डब्यावरचा आकडा मोठा म्हणून बेअरिंगमधला थर तेवढाच जाड, असे मानकात कुठेही म्हटलेले नाही. मल्टिग्रेड ऑइलमधले पॉलिमर काही हजार किलोमीटरनंतर तुटत जातात आणि मूळचे ५० चे ऑइल ४० सारखे वागू लागते, हेही लक्षात घ्यावे लागते.

शोधाची सुरुवात गेजपासून करावी. डॅशबोर्डवरचा विजेवर चालणारा गेज आणि ब्लॉकवरचा सेंडर दोन्ही जुने असतात आणि अर्थिंग खराब असले तर काटा काहीही दाखवतो. सेंडर काढून त्याच जागी यांत्रिक गेज लावणे हे पाच-दहा मिनिटांचे काम आहे, आणि ते झाल्याशिवाय इंजिन उघडू देऊ नये. या जीपमध्ये यांत्रिक गेजने डॅशबोर्डपेक्षा किंचित जास्त दाब दाखवला, पण गरम आयडलवरची घसरण खरीच होती.

पुढची पायरी डिपस्टिकची. जीपमधल्या ऑइलची पातळी वरच्या खुणेच्याही वर चढलेली होती आणि पट्टीला डिझेलचा वास येत होता. डिझेल इंजिनात नोझल गळू लागला की इंधनाचा फवारा न होता थेंब पडतात, ते सिलिंडरच्या भिंतीवरून रिंगांच्या बाजूने खाली उतरतात आणि चेंबरमधले ऑइल पातळ करतात. थोडे डिझेल मिसळले तरी ऑइल एखाद्या श्रेणीने खाली घसरते. काजळीने मात्र ऑइल जाड होते. त्यामुळे दोन्ही एकत्र असले तर बोटांत ऑइल घासून काहीच कळत नाही, ते ठीकच वाटते. पातळी वाढणे ही डिझेल गाडीत चांगली खूण नाही. पाणी मिसळले असते तर ऑइल दुधाळ दिसले असते. नोझल पंपवाल्याकडे तपासायला दिले, तेव्हा दोन गळके निघाले.

नोझल दुरुस्त होऊन ताजे १५डब्ल्यू-४० भरल्यावर दाब सुधारला, पण पुरेसा नाही. मग चेंबर उतरवण्यात आले. पंपाच्या जाळीला सिलिकॉनचे तुकडे चिकटलेले होते. गॅसकेटच्या जागी किंवा गॅसकेटवर गरजेपेक्षा जास्त सिलिकॉन लावले की आतल्या बाजूला आलेला त्याचा पट्टा सुटून पंपाच्या तोंडाशी येतो. ही चूक इतकी सर्रास होते की दाब कमी असलेल्या जुन्या इंजिनात जाळी पाहणे हा नियमच समजावा. रिलीफ व्हॉल्वची स्प्रिंग आणि प्लंजर सुटे करून पाहिले, पंपाच्या गिअर आणि झाकणामधले अंतर फीलर गेजने मोजले. दोन्ही ठीक होती.

चेंबर उतरलेलेच असल्याने कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगच्या टोप्याही खोलल्या. या बेअरिंगांच्या शेलला पोलादी पाठ, त्यावर तांबे-शिशाचा थर आणि सर्वांत वर अत्यंत पातळ, करड्या रंगाचा मऊ थर असतो. करडा रंग शाबूत असेल तर शेल अजून चालतो. इथे भार घेणाऱ्या वरच्या शेलवर तांब्याचा रंग उघडा पडला होता. क्रँकशाफ्टचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग (जर्नल) मायक्रोमीटरने दोन दिशांना मोजल्यावर त्याची गोलाई मर्यादेत आढळली, म्हणून क्रँक ग्राइंड करून दहा किंवा वीस साइजचे बेअरिंग बसवण्याची वेळ आली नाही. स्टँडर्ड साइजचे नवे शेल घातले आणि टोपी कायमची कसण्यापूर्वी प्लास्टिगेजच्या मऊ धाग्याने फट तपासली. टोपी कसली की धागा दाबला जाऊन रुंद होतो आणि ती पुन्हा खोलून त्याची रुंदी पाकिटावरच्या पट्टीशी जुळवली की फट कळते. फार स्वस्त आणि विश्वासाचे साधन आहे हे. ज्या गॅरेजमध्ये ते वापरतात तिथे इंजिनाचे काम निर्धास्तपणे द्यावे. मेन बेअरिंगांपैकी एक खोलून पाहिले, ते चांगले होते.

ऑइलची निवड त्यानंतर सोपी झाली. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतली सुरुवात ठरवतो. १५डब्ल्यूची चाचणी उणे २० अंशांवर आणि २०डब्ल्यूची उणे १५ अंशांवर होते. महाराष्ट्रात अशी थंडी कुठेच पडत नाही, त्यामुळे केवळ थंडीसाठी महागडे ०डब्ल्यू किंवा ५डब्ल्यू ऑइल जुन्या गाडीत घालण्याची गरज नाही. दुसरा आकडा उष्णतेतला. विदर्भातला ४५ अंशांचा मे महिना किंवा लांबचा घाट गृहीत धरला तरी सुस्थितीतल्या जुन्या डिझेल इंजिनाला ४० पुरते. ५० कडे जायचे ते मॅन्युअलमध्ये परवानगी असेल तेव्हा, किंवा सुटे भाग मिळेनासे झाल्याने इंजिन उघडणेच शक्य नसेल तेव्हा.

आकड्याइतकेच महत्त्व एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) या संस्थेच्या प्रतवारीला आहे. डिझेलसाठी १९९८ ची सीएच-४ किंवा २००२ ची सीआय-४ प्रत जुन्या इंजिनांना उत्तम चालते. तिच्यातली काजळी धरून ठेवण्याची क्षमता जुन्या प्रतींपेक्षा चांगली आहे. पद्मिनी, अँबॅसेडर यांसारख्या जुन्या पेट्रोल गाड्यांचा प्रश्न वेगळा आहे. त्यांचे टॅपेट कॅमवर सरळ घासतात आणि त्यांना जस्त-फॉस्फरसच्या संयुगाचे संरक्षण लागते. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर टिकावा म्हणून नव्या पेट्रोल ऑइलांत, विशेषतः पातळ श्रेणींत, फॉस्फरसवर मर्यादा घातली गेली. म्हणून या गाड्यांचे जाणकार मालक बहुधा डिझेलचीही प्रत असलेले १५डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० निवडतात, आणि ते योग्यच आहे.

इंजिन फ्लशबाबत सावध राहावे. वर्षानुवर्षे साचलेला गाळ एकदम सुटला तर तो जाळीतच अडकतो. दाब आधीच कमी असलेल्या गाडीत चांगले ऑइल घालून पहिले एक-दोन बदल लवकर करणे, प्रत्येक वेळी फिल्टरही बदलणे आणि गाळ हळूहळू निघू देणे जास्त सुरक्षित. दाब वाढवण्याचा दावा करणारी बाटलीबंद द्रव्ये बहुतांशी घट्ट पॉलिमरच असतात. त्यांचे काम जाड ऑइलपेक्षा वेगळे नाही.

दुरुस्तीनंतर जीपचा दाब आंबा घाट चढून आल्यावर आयडलवर एक किलोच्या वर राहतो आणि रस्त्यावर तीनच्या आसपास. ऑइल १५डब्ल्यू-४०, सीआय-४ प्रतीचे. यांत्रिक गेज ब्लॉकवरून आत घेऊन कायमचा बसवला आहे, आणि प्रत्येक ऑइल बदलाच्या वेळी गरम आयडलवरचा आकडा किलोमीटरसह वहीत लिहिला जातो. पातळी न वाढता आणि वास न येता तो आकडा पुन्हा अर्ध्या किलोकडे उतरू लागला, तर पुढचे काम मेन बेअरिंगांचे आणि क्रँक ग्राइंडिंगचे असेल, आणि त्यासाठी इंजिन गाडीतून उतरवावे लागेल.