लाल औषध उतरतं कुठे?

खालाला डॉक्सोरुबिसिन चालू होतं. लालभडक औषध. तिसऱ्या फेरीला तिने विचारलं, “बेटा, ये लाल पानी गाठ तक पहुंचता बी है क्या?” मी तोच प्रश्न डॉक्टरांना केला. ते म्हणाले, “पुढच्या स्कॅनमध्ये गाठ लहान दिसली, की पोचलं म्हणायचं.”

उत्तर प्रामाणिक होतं, पण वाट पाहणं फुकट नसतं. हे औषध हृदय कमकुवत करतं, म्हणून त्याला आयुष्यभराची मर्यादा असते: शरीराच्या दर चौरस मीटरला साधारण 450 ते 550 मिलिग्रॅम. गाठीपर्यंत न पोचलेला थेंबही त्याच हिशेबात धरला जातो. केस परत येतात, हृदयाचं तसं नाही.

तेव्हापासून मी याविषयी मिळेल ते वाचतो. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात मार्क ड्यूहर्स्ट यांच्या गटाने चरबीच्या अतिसूक्ष्म पिशव्यांत, म्हणजे लायपोसोममध्ये, डॉक्सोरुबिसिनसोबत मँगेनीज भरलं. (हो, आमच्या भंडारा जिल्ह्यात डोंगरी बुजुर्गच्या खाणीतून निघतं तेच!) पिशवी बंद असेपर्यंत आतल्या मँगेनीजचा बाहेरच्या पाण्याशी फारसा संबंध येत नाही, त्यामुळे एमआरआयमध्ये ते जवळपास गप्प असतं. गाठ 41-42 अंशांपर्यंत तापवली की पिशवी झिरपते. औषध आणि धातू एकत्र बाहेर पडतात, मँगेनीज पाण्याला भिडतं आणि ती जागा चित्रात उजळते. किती उजळली, त्यावरून तिथे किती औषध सांडलं याचा अंदाज बांधता येतो.

हे सगळं उंदरांवर. 2007 मध्ये त्यांना दिसलं की गाठ तापवत असतानाच औषध दिलं तर ते कडेला उतरतं. आधी देऊन मग तापवलं तर मध्यभागी. औषध तेच, पण कडेला उतरलं तिथे गाठ जास्त दिवस रोखली गेली. वेळेचा एवढा फरक पडतो, हे चित्राशिवाय कसं कळलं असतं?

माणसांत मात्र मँगेनीज असं सहज घालता येत नाही, जास्त झालं तर ते मज्जासंस्थेला बाधतं. उष्णतेने फुटणाऱ्या अशाच लायपोसोमची यकृताच्या कॅन्सरवरची मोठी चाचणी मँगेनीजशिवाय झाली आणि 2013 मध्ये अपयशी ठरली. नंतर आकडे चाळताना, ज्यांची गाठ 45 मिनिटं किंवा जास्त तापवली त्यांना फायदा झाला असावा असं वाटलं. त्यावर बेतलेली पुढची चाचणीही 2020 मध्ये फळली नाही. कोणाच्या गाठीत औषध खरोखर सांडलं होतं, ते दाखवणारं चित्र दोन्ही वेळा नव्हतं.