फोन जोडला, पण ओळख पटेना

संगणकाच्या धंद्यात आहे म्हटलं की शेजारीपाजारी आपल्याला वायरमनच समजतात. त्याची आता सवय झालीये. शनिवार-रविवारची ठरलेली तक्रार म्हणजे, "फोन कॉम्प्युटरला लावलाय, चार्ज होतोय, पण आतलं काहीच दिसत नाही. ड्रायव्हर गेला वाटतं!"

ड्रायव्हर बिचारा उगाच बदनाम. बरेचदा आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा प्रकार असतो.

होतं काय, की वायर खोचली की आधी दोघांची ओळखपाळख होते. फोन स्वतःचे दोन नंबर सांगतो, एक कंपनीचा आणि एक त्या वस्तूचा. शिवाय आपण कुठल्या जातकुळीतले तेही सांगतो. विंडोज ही माहिती आपल्याकडच्या आयएनएफ फायलींशी ताडून बघतं आणि जुळेल तो ड्रायव्हर कामाला लावतं. ड्रायव्हर म्हणजे या दोघांमधला दुभाषा. पण मुळात बोलणंच झालं नाही तर दुभाषा काय करणार?

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीतल्या एक काकू आल्या. काका जाऊन वर्ष व्हायचंय. काकूंच्या फोनची स्क्रीन खालून अर्धी बंद पडलेली. दुकानदार म्हणाला, स्क्रीन बदलू, पण आतल्या डेटाची हमी नाही. काकू म्हणाल्या, "फोन गेला तर जाऊ दे रे, पण ह्यांचा आवाज आहे त्यात." काकांनी व्हॉट्सॅपवर पाठवलेले बोलके निरोप, दुसरीकडे कुठेच नाहीत. भाच्याने कुठूनसा 'फुकट ड्रायव्हर अपडेटर' उतरवून घेतला होता. त्याने लॅपटॉपवर जाहिराती तेवढ्या आणल्या.

मी आधी म्हटलं, "काकू, काही झालं तरी फोन बंद करू नका." फोन अंगठ्याने उघडत होता, पण बंद करून चालू केला की पहिल्यांदा पिन मागतो, आणि पिनचे आकडे नेमके मेलेल्या अर्ध्या भागात!

मग केबल बदलली. साध्या यूएसबी केबलमध्ये चार तारा असतात, दोन विजेच्या आणि दोन माहितीच्या. काही स्वस्त केबलींमध्ये माहितीच्या तारा नसतातच, म्हणून चार्जिंग होतं आणि बाकी शांतता. नवी केबल लावल्यावर लॅपटॉप 'टुंग' वाजला.

तरी फायली दिसेनात. २०१५ मध्ये आलेल्या अँड्रॉइड ६ पासून फोन जोडला की तो आधी फक्त चार्ज होतो. फोन उघडून, वरून पट्टी ओढून, 'फाइल ट्रान्सफर' आपणच निवडावं लागतं. कोणीही कुठेही फोन खोचला तर त्यातलं सगळं दिसू नये म्हणून. वरची अर्धी स्क्रीन चालू होती हे नशीब.

आता डिव्हाइस मॅनेजरमध्ये फोन दिसला, पण पिवळ्या त्रिकोणासकट. हा मात्र खराखुरा ड्रायव्हरचा घोळ. उजवं क्लिक, अपडेट ड्रायव्हर, कॉम्प्युटरवरच शोधा, यादीतून निवडा, आणि यादीत 'एमटीपी यूएसबी डिव्हाइस'. हा ड्रायव्हर विंडोजमध्ये आधीपासूनच असतो, बाहेरून काही उतरवावं लागत नाही. २०११ च्या अँड्रॉइड ३ पासून उपकरण पेनड्राइव्हसारखं न जोडता या एमटीपीने जोडायची पद्धत आली.

अँड्रॉइड, मीडिया, व्हॉट्सॅप असं एकेक फोल्डर उघडत गेलो. शेवटी 'व्हॉइस नोट्स' सापडलं, आत ओपस फायलींची रांग. सगळ्या लॅपटॉपवर घेतल्या, मग पेनड्राइव्हवर. नीट उतरल्यात ना बघायला एक वाजवली. काका म्हणत होते, "अगं, येताना कोथिंबीर आण, आणि लिंबं बघून घे." काकू म्हणाल्या, "बंद कर. बाकीचं घरी ऐकते."

तर मंडळी, क्रम लक्षात ठेवा: आधी केबल, मग फोनवरची परवानगी, आणि सगळ्यात शेवटी ड्रायव्हर. तोसुद्धा विंडोजमधला किंवा फोनच्या कंपनीच्या स्वतःच्या साइटवरचा, भलत्या ठिकाणचा नको. आणि हे सगळं फोन धडधाकट असतानाच एकदा करून बघा. उद्या रविवारच आहे.